खापर कोणाच्या माथी?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्या सरांची शबनम पाहिलेली पाच-दहा माणसं तरी आज समोर बसली असतील. रविवारी सर कुठल्यातरी गावची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, पालथी घालून यायचे आणि सोमवारी ती शबनम टेबलावर रिकामी व्हायची. वर्तमानपत्रात गुंडाळलेली खापरं, प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीनं गाव, ओढा, तारीख. आम्ही पोरं आधी नक्षीचे तुकडे उचलायचो. सर ते हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "नक्षी कुणालाही दिसते. तुटलेली कड बघ."

त्या तुटलेल्या कडेबद्दलच मी आज बोलणार आहे. एरवी कुणाच्या माथी खापर फोडायला आपल्याला पुरावा लागत नाही. पुरातत्त्वात मात्र हाती आलेलं खापर नेमकं कोणत्या गावाच्या माथी मारायचं, हे ठरवण्यात माणसांच्या हयाती गेल्या आहेत. आणि पुष्कळदा ते चुकीच्या माथी फुटलेलं आहे.

पाँडिचेरीजवळच्या अरिकमेडूची गोष्ट घ्या. १९४४ साली मॉर्टिमर व्हीलर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. त्याच वर्षी मद्रासच्या सरकारी संग्रहालयातल्या एका कपाटात त्यांना अँफोराचा, म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या दोन कानांच्या मद्यकुंभाचा, गळा आणि लांब कान दिसला. कुठून आला म्हणून विचारलं, तर पाँडिचेरीहून. पुढच्याच वर्षी व्हीलर अरिकमेडूला खणत होते. तिथं आणखी अँफोरा निघाले, इटलीतल्या कारागिरांचे ठसे असलेली तांबडी चकचकीत भांडी निघाली, आणि त्यांच्याबरोबर एक वेगळीच पसरट थाळी निघाली. १९४६ मध्ये ‘एन्शंट इंडिया’च्या दुसऱ्या अंकात अहवाल आला. त्याच्या शीर्षकातच अरिकमेडूला ‘इंडो-रोमन व्यापारी ठाणं’ म्हटलं होतं.

ही थाळी जरा जवळून पाहू. व्यास साधारण फूटभर, काठ आत वळलेला, बूड सपाट. बाहेरून काळी-करडी, कुठं तपकिरी झाक, वर गुळगुळीत लेप. टिचकी मारली तर धातूसारखी वाजते. आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, बारीक टिकल्यांच्या गोल रांगा. फिरत्या चाकावर दातेरी चकती टेकवून किंवा लवचीक पट्टीचं टोक थरथरत ठेवून उठवलेल्या. या उठावाला रूलेटिंग म्हणतात, म्हणून थाळीचं नाव रूलेटेड वेअर. कड मोडून पाहिली तर अंग करडं, इतकं मऊ आणि बारीक की वाळूचा कण भिंगाखाली शोधावा लागतो. आपल्या कुंभारवाड्यातल्या परळाला असं अंग नसतं. ही माती गाळून, निवळून, वरचा पोयटाच घेऊन केलेली आहे.

टिकल्यांचा हा प्रकार भारतीय नाही, तो भूमध्य समुद्राकडून आला, असं व्हीलर यांचं मत. सगळ्या थाळ्या तिकडून आल्या असं त्यांनी म्हटलं नव्हतं. पण ‘रोमन’ हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही. पुढं पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत जिथं जिथं ही थाळी निघाली, तिथं रोमनांची पावलं उमटली असं मानायची सवय लागली. थाळीची तारीखही रोमन मालावरून ठरली. विमला बेगले यांनी १९८३ साली अरिकमेडूचा पुन्हा हिशेब मांडला आणि या थाळ्या इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापर्यंत मागं नेल्या. म्हणजे ज्या रोमन मालाचं अनुकरण म्हणून त्या ओळखल्या जात होत्या, त्याच्याही आधीच्या. मग त्या केल्या कुणी, आणि कुठं?

इथं नक्षी थकते आणि कड बोलायला लागते.

मातीच्या घडणीवरून भांड्याचं गाव ओळखायची कल्पना जुनी आहे. १८९५ साली थिओडोर रिचर्ड्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं बोस्टनच्या संग्रहालयातल्या अथेन्सच्या खापरांचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. सगळ्यांची घडण इतकी सारखी निघाली की ती अथेन्सचीच असावीत, असा त्याचा निष्कर्ष. हाच रिचर्ड्स पुढं अणुभारांच्या अचूक मोजणीसाठी १९१४ चं नोबेल घेऊन गेला. पण त्याच्या हातात होतं ते तराजू-काचपात्रांचं रसायन. सिलिका किती, लोह किती, चुना किती, एवढंच त्यातून कळायचं, आणि हे पदार्थ जगातल्या कुठल्याही चिखलात असतात. माती ओळखायची ती तिच्यात चिमटीहूनही कमी असलेल्या गोष्टींवरून: स्कँडियम, थोरियम, हाफ्नियम, युरोपियम. दहा लाख भागांत मोजकेच भाग. कुंभाराला त्यांचा पत्ता नसतो, त्यामुळे तो त्यांत हेतुपुरस्सर काही कमी-जास्त करू शकत नाही.

ते मोजायची सोय अणुभट्टीनं केली. १९५६ साली रॉबर्ट ओपेनहायमर यांनी प्रिन्स्टनला पुरातत्त्वज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ एकत्र बसवले. अणुबाँबच्या जनकानं मडक्यांच्या तुकड्यांसाठी बैठक बोलवावी, हे मला अजून गमतीचं वाटतं. पुढच्या वर्षी ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या सेअर आणि डॉडसन यांचा भूमध्य प्रदेशातल्या खापरांवरचा निबंध आला. खापराची चिमूटभर पूड अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायची. मूलद्रव्यं किरणोत्सारी होतात आणि आपापल्या खुणेचे गॅमा किरण सोडत विझत जातात. प्रत्येकाचं विझणं वेगळं. मँगॅनीज अडीच तासांत निम्मं होतं, सोडियम १५ तासांत, स्कँडियमला ८४ दिवस लागतात. म्हणून एकच पूड आज मोजायची, आठवड्यानं मोजायची, महिन्यानं पुन्हा मोजायची. आधी गोंगाट करणारे गप्प झाले की हळू बोलणारे ऐकू येतात. एका चिमटीत तीसेक मूलद्रव्यं हाती लागतात.

उमेदवारीच्या काळात मी केलेली एक चूक सांगतो. चाळीसेक खापरं होती. त्यांतल्या नऊंमध्ये कोबाल्ट भलताच जास्त निघाला. बाकीची स्थानिक आणि ही नऊ परदेशी, असा माझा सिद्धान्त दोन महिने जोरात होता. कुठल्या बंदरातून आली असतील याचे नकाशेही मी काढले. मग एका संध्याकाळी नोंदवही चाळताना लक्षात आलं, की ती नऊ खापरं मी एकाच दिवशी कोरली होती, आणि त्या दिवशी नेहमीचं टोक सापडलं नाही म्हणून टंगस्टन कार्बाइडचं वापरलं होतं. ते टोक झिजताना कोबाल्ट सोडतं. माझं परदेश म्हणजे ड्रिलचं टोक होतं. तेव्हापासून पूड अकीकाच्या खलातच करायची, हा नियम. हा अकीक आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पिकतो, हा त्यातल्या त्यात दिलासा.

आकडे हाती आले तरी काम संपत नाही. लोह वाढलं की स्कँडियमही वाढतं, म्हणून दोघांना दोन स्वतंत्र साक्षीदार धरता येत नाही. एक माणूस दोनदा सही करतो आहे, असंच समजायचं. या गुंत्यातून खापर गटाच्या किती जवळ आहे हे काढण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा जे माप वापरतात, ते कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली दिलेलं. त्याचं मूळ माणसांच्या डोक्यांच्या मापांत होतं. आज तेच माप मडक्यांच्या कामी येतं.

यात एक मेख आहे. कुंभार. तो रसायनशास्त्रज्ञाची सोय बघत नाही. तळ्यातली चिकट काळी माती आणि नदीकाठचा पोयटा तो मिसळतो, चाळतो, तडे जाऊ नयेत म्हणून घोड्याची लीद नाहीतर राख घालतो. नदीची वाळू घातली की नुसत्या गारगोटीनं सगळीच मूलद्रव्यं पातळ होतात. मग प्रमाणं न पाहता गुणोत्तरं पाहावी लागतात. त्यानंतर दोन हजार वर्षं खापर जमिनीत पडून असतं. पावसाचं पाणी त्यातलं सोडियम, कॅल्शियम इकडचं तिकडे करतं. म्हणून या दोघांच्या साक्षीवर मी फारशी भिस्त ठेवत नाही.

आणि आपल्या दख्खनचं दुखणं तर निराळंच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला आणि पाच लाख चौरस किलोमीटरवर एकाच जातीचा काळा पाषाण थरांवर थर बसला. पैठणची माती त्याचीच, जुन्नरची त्याचीच, तेरची त्याचीच. लोह आणि टायटॅनियम भरपूर, पोटॅशियम आणि थोरियम बेताचं. पैठणचं मडकं तेरला गेलं होतं का, असं तुम्ही मला विचारलंत तर मी बराच वेळ डोकं खाजवीन. पण हिमालयातून अभ्रक घेऊन आलेल्या गंगेच्या गाळाचं भांडं पैठणच्या खापरांत मिसळून ठेवलंत, तर ते लपणार नाही. घरातल्या घरात ही पद्धत आंधळी, दारावर मात्र तिची नजर तीक्ष्ण. त्यातही गोदावरीनं हा काळा गाळ थेट आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत वाहून नेला आहे, तेव्हा तिथं पुन्हा जपून.

मग या पद्धतीनं नेमकं काय सांगता येतं? खापर बोलत नाही की मी अमक्या गावचं. ते एवढंच सांगतं, की तुम्ही समोर ठेवलेल्या मातींपैकी ही माझी नाही, ही नाही, हिच्याशी मात्र जुळतं. समोर जे ठेवलंच नाही, त्याचं नाव त्याच्या तोंडून कधी येत नाही. ग्रीसमधल्या थीब्जला तेलाचे बुधले सापडले होते, त्यांच्यावर रंगानं लिहिलेली लिनिअर बी लिपीतली अक्षरं. १९६५ साली कॅटलिंग आणि मिलेट यांनी वर्णपटाच्या साहाय्यानं पृथक्करण करून त्यांतले पुष्कळसे क्रीटच्या पूर्व टोकाला, झाक्रो आणि पालायकास्त्रोकडे नेऊन पोचवले. त्यावर इतिहासाचे इमले उभे राहिले. १९८० मध्ये कॅटलिंग स्वतः इतरांना बरोबर घेऊन परत बसले आणि ते बुधले पश्चिम क्रीटचे ठरवले. बेट तेच, टोक उलटं. पहिल्या वेळचे आकडे खोटे नव्हते. शेजारी मांडलेला माल तोकडा होता. स्वतःच्याच निष्कर्षाला कात्री लावणाऱ्या माणसाबद्दल मला या शास्त्रातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त आदर आहे.

आता थाळीकडे परत येऊ. इंडोनेशियात बाली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेंबिरान नावाचं गाव आहे. तिथं ई वायान अर्दिका यांच्या उत्खननात याच टिकल्यांच्या थाळीचे तुकडे निघाले. अर्दिका आणि पीटर बेलवूड यांनी १९९१ साली ते मांडले. सेंबिरान, अरिकमेडू आणि श्रीलंकेतलं अनुराधपूर, तिन्हीकडच्या थाळ्यांची घडण एकमेकींशी जुळत होती. १९९३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला: निर्यातीच्या दर्जाच्या या थाळ्यांचं मूळ एकच असेल का?

१९९७ साली त्या प्रश्नाचं एक उत्तर पुण्यातून निघालं. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनानं या थाळ्यांतली खनिजं तपासली. ही पद्धत मूलद्रव्यं मोजत नाही, ती स्फटिकांची ओळख पटवते. निरनिराळ्या ठिकाणच्या थाळ्या आणि मातीचे नमुने शेजारी ठेवून त्यांनी बोट ठेवलं ते बंगालच्या चंद्रकेतुगढ-ताम्रलिप्ती परिसरावर. ताम्रलिप्ती म्हणजे आजचं तमलुक, गंगेच्या मुखाजवळचं जुनं नामांकित बंदर.

बंगालचं नाव सगळ्यांनी एकमुखानं मान्य केलं असं नाही, आणि वर सांगितलेली थीब्जची गोष्ट लक्षात ठेवली तर ते योग्यच आहे. पण २००५ मध्ये फोर्ड, पोलार्ड, कॉनिंगहॅम आणि स्टर्न यांनी अगदी वेगळ्या पद्धतीनं, मूलद्रव्यं मोजून, ही थाळी आणि तिच्या नात्यातली बारीक पोताची इतर भांडी भूगर्भीयदृष्ट्या एकाच कुळीची आहेत असं दाखवलं. दोन पद्धती, दोन प्रयोगशाळा, आणि दोघींचा रोख एकाच घराण्याकडे. रोमचा त्यात संबंध नाही.

याचा अर्थ काय होतो, ते जरा सावकाश पाहा. आजवर चित्र असं होतं: रोमन जहाजं आली, त्यांनी सोनं आणलं, मद्य आणलं, आणि आपल्या किनाऱ्याला जाग आली. आता दिसतं ते असं, की रोमन माल येण्याच्या आधीच कुठल्यातरी मोठ्या कुंभारवाड्यांत एकाच तऱ्हेच्या थाळ्या ढिगानं होत होत्या आणि तमिळ किनारा, श्रीलंका, जावा, बालीपर्यंत जहाजांतून जात होत्या. ज्या कुंभारांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत, त्यांचा माल बालीतल्या कुणाच्या तरी ताटात होता. इथं खापर फुटलं ते चांगल्या अर्थानं, रोमच्या माथी आलेलं श्रेय बंगालच्या उपसागरावर परत आलं.

पण म्हणून रोमन काही आलंच नाही, असं म्हणण्याची घाई नको. आता आपल्या अंगणात येतो. नेवासं म्हटलं की आपल्याला आधी पैसाचा खांब आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ मध्ये सांकलिया, देव आणि अन्सारी यांनी उत्खनन केलं, आणि तिथं अँफोराचे तुकडे निघाले. २००१ मध्ये सुनील गुप्ता, विल्यम्स आणि पीकॉक यांनी ते ‘ड्रेसेल २-४’ या ओळखीच्या रोमन प्रकारात बसवले. अशा कुंभांचा एक मोठा वर्ग नेपल्सच्या उपसागराभोवतालचा असतो. त्याचा काप ३० मायक्रॉनपर्यंत घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे, ऑगाइटचे, कण चमकतात. आता खोडकर विद्यार्थी विचारेल, की ऑगाइट आपल्या सह्याद्रीच्या दगडातही असतो, मग हा कुंभ नगर जिल्ह्यातला कशावरून नाही? प्रश्न उत्तम. उत्तर पोटॅशियमात आहे: व्हेसूव्हियसचा लाव्हा त्यात श्रीमंत, आपला काळा पाषाण दरिद्री. ‘पेरिप्लस’ या जुन्या सागरी प्रवासवर्णनाच्या अनामिक दर्यावर्दी लेखकानं भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीची दारू पहिली नोंदवली आहे, तिला जास्त पसंती म्हणून. त्या पसंतीतला थोडा वाटा घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यात पोचला असणार.

उलट बाजूही सांगायला हवी. रोबर्टा टोंबर यांनी भारतातल्या ‘रोमन अँफोरां’ची खोकी एकामागून एक उघडली आणि २००७ साली सांगितलं, की यातले पुष्कळसे रोमन नाहीतच. ते टॉर्पेडो जार, कान नसलेले, लांबोडके, तळाशी निमुळते, मेसोपोटेमिया आणि इराणच्या आखाताकडचे. मातीचं अंग सच्छिद्र, झिरपू नये म्हणून आतून डांबराचा हात. या डांबरालाही कुळी असते. त्यात अतिप्राचीन जीवांच्या शरीरांतले रेणू टिकून असतात आणि प्रत्येक झऱ्याच्या डांबरात त्यांचा मेळ निराळा असतो. २००८ साली अनुराधपूरच्या अशा खापरांतलं डांबर तपासलं, ते इराणमधल्या सूसाच्या परिसरातलं निघालं. काळ तिसऱ्या ते नवव्या शतकाचा. संग्रहालयाच्या कपाटात ‘रोमन’ अशी चिठ्ठी लावलेलं खापर प्रत्यक्षात सासानी किंवा अरब खलाशाच्या गलबतातून उतरलेलं असू शकतं, आणि त्या एका चिठ्ठीपायी आपण पाच-सहाशे वर्षांचा व्यापार चुकीच्या खात्यावर टाकलेला असतो.

हे सगळं ज्यावर उभं आहे, ती गोष्ट यंत्रात नाही. ती शेजारी ठेवायच्या मातीत आहे. यंत्रं विकत मिळतात, दर दहा वर्षांनी आधीपेक्षा चांगली मिळतात. कोणत्या गावचा कुंभार कोणत्या खड्ड्यातून माती काढत होता, ही माहिती विकत मिळत नाही. ती म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. आमच्या तालुक्यात स्वतः माती खणणारे कुंभार आता बोटांवर मोजण्याइतके उरले. बाकीचे तयार माती आणतात, किंवा त्यांनी चाक ठेवून दिलं आहे. तळी बुजली, खड्ड्यांवर प्लॉट पडले. ही मुकी नोंदवही आपल्या देखत मिटते आहे.

म्हणून एकच मागणं करतो. गावी गेलात तर पांढरीवरचं खापर उचलून आणू नका, ते जिथं आहे तिथंच त्याचा अर्थ आहे. कुंभारआळीत जा. तुमच्या वडिलांच्या वेळी माती कुठून यायची, हे विचारा. त्यांना बरोबर घेऊन तिथं जा, हातभर खोल खणून किलोभर माती कापडी पिशवीत घ्या. ते काय मिसळतात, किती मिसळतात, ते लिहून घ्या. आव्यातून निघालेला, तडा गेला म्हणून टाकून दिलेला एखादा तुकडा मिळाला तर तोही घ्या. जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात नेऊन द्या, आणि घ्यायला कुणी नाही म्हणालं तर माझ्याकडे पाठवा. पिशवीत चिठ्ठी घालायला विसरू नका: गाव, ओढा, खोली, तारीख. आणि ती पेन्सिलीनं लिहा. शाई ओलीनं पसरते.